मायटोटेनसोबतची दुसरी गोळी

मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बाह्यकाचा कर्करोग दर दहा लाख माणसांत वर्षाला एखाद-दोघांना होतो. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोसायट्या आणि दवाखाने वाढले, तरी इथल्या एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरने आयुष्यभरात असा एकही रुग्ण पाहिला नसेल, तर त्यात नवल नाही आणि त्याचा दोषही नाही. ऑपरेशन पुण्यात किंवा मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात होतं, मायटोटेन नावाच्या गोळ्या तिथूनच लिहून मिळतात. पण त्या घ्यायच्या असतात घरी, महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षं. म्हणून माझं ठाम मत आहे की या औषधाची सुरक्षितता घरच्या माणसांच्या आणि जवळच्या दवाखान्याच्या हातात जास्त असते. त्यातही सगळ्यांत मोठा धोका मायटोटेनच्या गोळीपेक्षा तिच्यासोबत दिलेली स्टेरॉइडची गोळी चुकण्यात आहे.

हे पटायला औषधाचं मूळ पाहावं लागतं. मायटोटेन डीडीटीच्या कुळातलं आहे. डीडीडी हे डीडीटीचं भावंड कुत्र्यांना दिलं, तेव्हा त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुकत गेल्याचं १९४९ मध्ये नोंदवलं गेलं आणि त्यातूनच पुढे माणसांवरचा उपचार उभा राहिला. म्हणजे ग्रंथीचा नाश करणं हेच या औषधाचं काम. ते गाठीच्या पेशी मारतं, तसंच दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथीही बंद पाडतं. शिवाय ते चरबीत साठतं. रक्तातलं प्रमाण लिटरला १४ ते २० मिलिग्रॅम या पट्ट्यात यावं लागतं आणि तिथे पोचायला कित्येक आठवडे, कधी काही महिने जातात. २०च्या वर गेलं की झापड, अडखळतं बोलणं, तोल जाणं, गोंधळ सुरू होतो. घरचे त्याला अशक्तपणा समजतात. त्यामुळे ‘आज बरं वाटतंय’ किंवा ‘आज जड जातंय’ यावरून गोळ्या कमी-जास्त करण्यात अर्थ नाही. रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी करायची आणि डोस डॉक्टरांनी ठरवायचा.

ग्रंथी बंद पडली की शरीराला कॉर्टिसोल बाहेरून द्यावं लागतं, बहुधा हायड्रोकॉर्टिसोनच्या रूपात. इथे अनुभवी डॉक्टरसुद्धा चकू शकतो. अ‍ॅड्रिनल निकामी झालेल्या इतर रुग्णांना दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम पुरतं. मायटोटेन मात्र यकृतातली विकरं जागी करून हे स्टेरॉइड भराभर मोडून टाकतं, त्यामुळे निदान दुप्पट डोस लागतो. रक्तातलं कॉर्टिसोल बांधून ठेवणारं प्रथिनही ते वाढवतं. परिणामी नेहमीच्या तपासणीत कॉर्टिसोल भरपूर दिसतं आणि प्रत्यक्षात शरीराला ते कमी पडत असतं. अशा वेळी ‘रिपोर्ट चांगला आहे, स्टेरॉइड कमी करू या’ असं कुणी म्हणालं, तर मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय मान डोलवू नये. ताप, जुलाब, अपघात, दात काढणं, कुठलंही ऑपरेशन अशा ताणाच्या वेळी ही गरज आणखी वाढते. किती वाढवायचं हे आधीच लिहून घ्यावं. आणि उलट्या होत असतील तर गोळी पोटात टिकत नाही. तेव्हा १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन तातडीने लागतं. रक्तदाब खाली आलाय म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजत बसण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

यावर पहिला आक्षेप घराघरांत ऐकू येतो: स्टेरॉइड वाईट. ही भीती उगीच नाही. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमधून स्टेरॉइड खाऊन शरीराची वाताहत झालेली माणसं आपल्याकडे आहेत. पण तिथे शरीरात पुरेसं असताना वरून भर घातली जाते, इथे शरीरात उरलेलंच नसतं ते भरून काढायचं असतं. दुसरा आक्षेप असा की त्रास झाला तर मायटोटेन थांबवावं, म्हणजे प्रश्न मिटला. गंभीर संसर्गात, मोठ्या इजेत किंवा ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर ते तात्पुरतं थांबवतात, हे खरं. पण शरीरातलं औषध निम्म्यावर यायला १८ ते १५९ दिवस लागतात. गोळी बंद केली तरी ग्रंथी बंदच राहते, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन थांबवायचं नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो: आमचे मोठे डॉक्टर आहेत, गरज पडली तर तिकडेच नेऊ. केसनंद फाट्यावर संध्याकाळी वाहतूक कशी तुंबते हे वाघोलीकरांना सांगायला नको. उलट्या होणाऱ्या माणसाला त्या कोंडीतून शहरात नेण्याआधी जवळच्या कॅज्युअल्टीत इंजेक्शन मिळायला हवं. ते जुनं, साधं इंजेक्शन आहे. तिथल्या सिस्टरला आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला ते याच रुग्णाला का हवं, एवढंच ठाऊक नसतं.

काही गोष्टी स्वयंपाकघरातल्या. मायटोटेन चरबीत विरघळतं, म्हणून सायीचं दूध किंवा तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घेतलं तर चांगलं शोषलं जातं. एकादशीला किंवा नवरात्रात उपास हवाच असेल तर वेळापत्रक डॉक्टरांना विचारून बसवावं, स्टेरॉइडचा डोस मात्र एकही चुकवू नये. गोळी कुटायची नाही. रुग्णाशिवाय दुसरं कुणी ती हाताळणार असेल तर हातमोजे घालावेत, गरोदर बाईने तर हात लावू नये. वॉर्फरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम मायटोटेनमुळे कमी होतो, गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही आणि स्पायरोनोलॅक्टोन सोबत चालत नाही. म्हणून कुणी आपुलकीने आणून दिलेला काढासुद्धा आधी डॉक्टरांना दाखवावा.

एवढं सगळं सांगितलं तर रुग्ण घाबरेल, असं काहींना वाटतं. मला वाटतं, अर्धवट माहितीने तो जास्त घाबरतो. ज्या घरात मायटोटेन आहे त्यांना माझी विनंती आहे: ‘अ‍ॅड्रिनल निकामी, हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन तातडीने द्यावे’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं, डॉक्टरांच्या सहीचं कार्ड रुग्णाच्या पाकिटात ठेवा, त्याची प्रत १०८च्या माणसांना पटकन सापडेल अशी दाराजवळ लावा, आणि या आठवड्यातच जवळच्या हॉस्पिटलात जाऊन हे इंजेक्शन तिथे रात्रीही मिळतं का, ते विचारून या.