ऑफिस घरात आलंय, कुलपावर खर्च किती करायचा?

घरून काम करणाऱ्याला सुरक्षेच्या नावाखाली बरंच काही विकलं जातं: अँटिव्हायरस, व्हीपीएन, ‘पीसी क्लीनर’, क्लाउडवरची जागा. यातलं निम्मं लागत नाही. जे खरंच लागतं, ते बहुतेकांकडे नसतं.

खिशात हात घालण्याआधी एकच प्रश्न: लॅपटॉप कोणाचा? कंपनीचा असेल तर त्यात स्वतःहून काहीही टाकू नका, चांगला अँटिव्हायरससुद्धा नाही. ते आयटीवाल्यांचं काम आणि खर्चही त्यांचाच. मशीन तुमचं आणि काम कंपनीचं असेल, तर पुढचा खर्च साहेबांकडे बिनधास्त मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्यापुढे तुमचं पाच-सहा हजारांचं बिल कोणी नाकारणार नाही. घरातूनच रिटर्न भरणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, डीटीपी करणाऱ्यांना मात्र स्वतःच स्वतःचे साहेब व्हावं लागतं.

आधी फुकटातलं. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीत मोठी चोरी झाली. हल्लेखोर शिरले ते एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून. त्यावर सिनेमे-गाणी लावायचं प्लेक्स हे सॉफ्टवेअर होतं. त्यातली फट प्लेक्सच्या कंपनीने २०२० मध्येच बुजवली होती, पण या मशीनवर ते अपडेट झालंच नव्हतं. चोरांनी तिथून पासवर्ड टिपला आणि थेट ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपपर्यंत मजल मारली. लास्टपासचा धंदा कसला, तर लोकांचे पासवर्ड सांभाळण्याचा! ते अपडेट फुकट होतं.

तेव्हा ‘नंतर आठवण करा’ हे बटण विसरा. विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर ती फुकट मिळते. त्यानंतर विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या मशीनवर क्लायंटचं काम करू नये. नवा लॅपटॉप हा या यादीतला सर्वांत जड खर्च, पण त्याला पर्याय नाही.

अँटिव्हायरसचं म्हणाल, तर विंडोजसोबत येणारा डिफेंडर बहुतेकांना पुरतो. दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लावणाऱ्यांनी पुण्याच्या क्विक हीलसारखा एखादा घ्यावा. एका मशीनला वर्षाला साधारण हजार रुपये धरा. पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलून आपोआप नूतनीकरण चालू ठेवू नका. आणि पाचशे रुपयांत ‘फुल ऑफिस’ टाकून देणाऱ्याला नमस्कार करा. ते क्रॅक चालावं म्हणून तो आधी डिफेंडरच बंद करतो, म्हणजे घुसखोराला दार उघडून द्यायचे पैसे आपणच मोजतो.

जाहिरातीतला व्हीपीएन घेऊ नका. ऑफिसचा व्हीपीएन वेगळा आणि तो ऑफिसच देतं. पासवर्ड ठेवायला बिटवॉर्डनची मोफत आवृत्ती पुरते, ओटीपीसाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅपही फुकट. दुसऱ्यांच्या पैशांचे व्यवहार सांभाळत असाल तरच यूएसबी सिक्युरिटी की घ्या. एक साधारण तीन हजारांपासून पुढे, आणि घ्यायच्या दोन, कारण एकुलती एक हरवली की खात्याबाहेर आपणच.

राउटर लावून गेलेल्या माणसाने ठेवलेला ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड आजच बदला. टीव्ही आणि मुलांचे मोबाइल गेस्ट वायफायवर टाका. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं वाचता येऊ नये म्हणून डिस्क एन्क्रिप्शन चालू करा. विंडोजची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

आता खरा खर्च: बॅकअप. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क साधारण पाच-सहा हजारांना पडते. ती कायम जोडून ठेवली तर खंडणी मागणारा व्हायरस फायलींबरोबर बॅकअपही कुलूपबंद करतो. म्हणून आठवड्यातून एकदा लावा, कॉपी करा, काढून ठेवा. जोडीला गूगलची १०० जीबी जागा, महिना १३० रुपये. नुसत्या गूगल ड्राइव्हवर विसंबू नका, कारण इकडे बिघडलेली फाइल तिकडेही तशीच जाऊन बसते. आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून परत उघडून पाहा, विशेषतः टॅलीचा डेटा. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे सहज पाच आकडी बिल करतात, तेही सगळी मिळेल या हमीशिवाय.

डेस्कटॉपवाल्यांनी तीनेक हजारांचा यूपीएस याच्यात धरावा. लाइट गेली की अर्धवट लिहिलेली फाइल खराब होते.

एवढं करूनही काही घडलं, तर आधी नेट तोडा आणि दुसऱ्या फोनवरून ऑफिसला कळवा. लाजून दोन दिवस गप्प बसू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कंपनीला त्या संस्थेकडे कळवाव्या लागतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा फोन त्यानंतर आला, तर तो दुसरा चोर समजा.