प्रश्न विचारलास ना, मग जरा थांब

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, चार-पाच जण सोडले तर बाकी वर्गाला काही येतच नाही.’ तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. येत नाही, हे इतक्यात ठरवू नकोस, राणी. आधी एक कर. उद्या विज्ञानाच्या तासाला मोबाइल टेबलावर ठेव, तास रेकॉर्ड कर आणि रात्री निवांत ऐक. तू काय शिकवलंस याकडे लक्ष देऊ नकोस. प्रश्न विचारून झाल्यावर तू पुन्हा कधी बोललीस, तेवढंच बघ.

हे माझ्या मनचं नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधक होत्या. प्राथमिक शाळांतल्या तासांच्या ध्वनिफिती त्यांनी सेकंद मोजत ऐकल्या आणि १९७४ साली निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर आलं नाही, की प्रश्न पुन्हा विचारायचा, नाहीतर दुसऱ्या मुलाचं नाव घ्यायचं. मुलानं उत्तर दिलंच, तर त्यावर बोलायला शिक्षक सेकंदभरही घेत नसत.

आता त्या लेकराच्या जागी बसून बघ. प्रश्न ऐकायचा, तो कळायला हवा, मग आठवायचं, वाक्य जुळवायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचा धीर गोळा करायचा. घरी वारली, कोरकू किंवा अहिराणी बोलणारं मूल असेल, तर पुस्तकी मराठीत आणायचं कामही त्यातच आलं. एका सेकंदात हे कुणाला जमेल? ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यालाच. म्हणून तुझी तीच चार-पाच मुलं बोलतात.

रोबाईंनी शिक्षकांना ३ सेकंद थांबायला शिकवलं. फक्त ३. मुलांची उत्तरं लांबली, त्यांत ‘कारण’ यायला लागलं. गप्प राहणं, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं. मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. आणि ज्यांच्या नावावर शिक्षकांनी फुली मारली होती, तीही बोलू लागली, तेव्हा शिक्षकांचंच त्यांच्याविषयीचं मत बदललं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. शिक्षकांना वर्गातली सगळ्यात हुशार पाच आणि सगळ्यात मागे पडलेली पाच मुलं निवडायला सांगितली होती. हुशार मुलांसाठी ते जवळपास २ सेकंद थांबत, मागे पडलेल्यांसाठी १ सेकंदही नाही. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच कमी. यात दुष्टपणा नाही गं, उलट मायाच असते. बिचाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करून अवघडायला नको, म्हणून आपण त्याला पटकन सोडवतो. पण मूल त्यातून काय घेतं? बाईंना माझ्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही, एवढंच. ‘अप्रगत’ हा शिक्का कागदावर नंतर बसतो, वर्गात तो असा रोज थोडा थोडा बसत असतो.

शाब्बासकीचंही तसंच. मागे पडलेल्या मुलांना कौतुक भरपूर मिळे, पण कशाचं ते धड कळत नसे. म्हणून नुसतं ‘छान’ म्हणू नकोस. ‘कपडे वाळण्यात तू वाऱ्याचा विचार केलास, ते मला आवडलं’ असं सांग.

पहिले काही दिवस ही शांतता तुला खायला उठेल. मनात सावकाश एक-दोन-तीन मोज. मुलांनाही सांगून टाक, ‘मी आता थांबणार आहे, सगळ्यांनी विचार करा, हात कुणी वर करायचा नाही.’ हात वर गेले की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. हवं तर आधी पाटीवर लिहू दे किंवा शेजाऱ्याशी कुजबुजू दे, मग नाव घे. थांबताना प्रश्न मात्र बदलू नकोस, नाहीतर मुलांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पाढे विचारताना थांबायची गरज नाही, सात आठे छप्पन्न एकतर येतं किंवा येत नाही. थांबायचं ते ‘ओले कपडे सावलीतही का वाळतात?’ अशा प्रश्नाला. असे प्रश्न तासाला दोन-तीनच झाले तरी चालतील. भाग मागे पडेल याची धास्ती घेऊ नकोस. न कळता पुढे गेलेला भाग पुन्हा शिकवावाच लागतो.

आणि दुसरा थांबा विसरू नकोस, उत्तर आल्यानंतरचा. माझ्या मते तोच जास्त मोलाचा, आणि आपण तोच खाऊन टाकतो. मूल ‘वाऱ्यानं वाळतात’ म्हणालं, की आपण लगेच ‘बरोबर, वाऱ्यानं!’ करून विषय मिटवतो. उत्तर परत उच्चारू नकोस, बरोबर-चूकही सांगू नकोस, नुसती त्याच्याकडे बघत राहा. ते स्वतःच पुढे बोलेल, ‘पण बाई, वारा नसला तरी वाळतात, फक्त वेळ लागतो.’ मागून कुणीतरी म्हणेल, ‘पावसाळ्यात कुठे वाळतात?’ मग तू मध्ये पडू नकोस. त्यांचं त्यांना भांडू दे, आणि घंटा झालीच तर उद्या तिथूनच पुढे.