मेलॅनोमा : शस्त्रक्रियेनंतरचे इंटरफेरॉन

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. गोऱ्या लोकांत तो जास्त आढळतो. आपल्याकडे कमी, आणि झालाच तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. ठेच लागून रक्त साकळले असेल, अशी समजूत होणे त्यामुळे सोपे.

शस्त्रक्रियेने गाठ निघते. पण रोग जांघेतल्या किंवा काखेतल्या रसग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर तो उलटण्याची भीती राहते. त्यासाठी इंटरफेरॉन आले. विषाणूंशी लढताना आपल्या पेशी हे द्रव्य तयार करतात. तेच बाहेरून देऊन प्रतिकारशक्ती चेतवायची, ही कल्पना.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत सुमारे २८० रुग्ण होते. निम्म्यांना मोठी मात्रा दिली : महिनाभर आठवड्यातून पाच दिवस शिरेतून, पुढे अकरा महिने आठवड्यातून तीनदा कातडीखाली. बाकीच्यांवर नुसते लक्ष ठेवले. त्यांच्यात रोग उलटेपर्यंतचा मध्यम काळ सुमारे एक वर्ष होता, औषध घेणाऱ्यांत पावणेदोन. आयुष्यही सुमारे वर्षभराने वाढलेले दिसले. याच पाहणीच्या आधारे तिकडे १९९५ मध्ये औषधाला मान्यता मिळाली होती.

पण त्रास केवढा! थंडी-ताप, अंगदुखी, गळून जाणे, मन उदास होणे. यकृत बिघडून दोन रुग्ण दगावले.

मग लहान मात्रेने भागेल का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मोठी मात्रा, लहान मात्रा व औषध नाही, असे तीन गट होते. लहान मात्रा म्हणजे ३० लाख युनिट, आठवड्यातून तीनदा, दोन वर्षे. सोसायला सोपी, पण ठोस फायदा नाही. मोठ्या मात्रेने रोग लांबला. आयुष्य मात्र या वेळी वाढले नाही. औषध न घेतलेल्यांपैकी काहींना रोग उलटल्यावर इंटरफेरॉन मिळाले, म्हणून फरक पुसला गेला असावा, असे एक मत आहे. पुढे आठवड्यातून एकदाच टोचायचे पेगिलेटेड इंटरफेरॉन आले. युरोपातील १२५६ रुग्णांच्या पाहणीत (२००८) तेच दिसले : रोग उलटणे घटले, आयुष्यात फरक नाही.

रोग उशिरा उलटणे आणि माणूस जास्त जगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळ्या विचाराव्यात. साऱ्या पाहण्या एकत्र मोजल्यावर पाच वर्षांअखेर शंभरात सुमारे तिघे जास्त जगलेले दिसले. त्यासाठी वर्षभर ताप सोसायचा का, हे रुग्णानेच ठरवायचे असे.

आता इंटरफेरॉन मागे पडले आहे. निवोलुमॅब (२०१७) व पेम्ब्रोलिझुमॅब (२०१९) यांना अमेरिकेत या कामासाठी मान्यता मिळाली. पेम्ब्रोलिझुमॅबची तुलना इंटरफेरॉन किंवा इपिलिमुमॅबशी केली, तेव्हा रोग उलटण्याचे प्रमाण घटले. आयुष्यातील फरक मात्र तिथेही ठामपणे सिद्ध झाला नाही.