शिक्षा केव्हा माफ?

समजा, मेहकरच्या बाजाराला बंडी निघाली आहे. उतारावर बैलाची वेसण तुटली. बैल उधळला. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला धक्का लागून त्याचा पाय मोडला. आता दंड कोणाला? धुरकऱ्याला, मालकाला, की कोणालाच नाही?

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मनुस्मृतीत तो आला आहे. असे दहा प्रसंग तिथे सांगितले आहेत, त्यांत दंड नाही. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले, जोते किंवा कासरा तुटला. धुरकऱ्याने "बाजूला व्हा!" म्हणून ओरडून सांगितले असेल, तरीही दंड नाही. हे लिहिणाऱ्याने बंडी चांगली जवळून पाहिली असणार, असे आम्हाला वाटते.

पण धुरकरी नवखा असला आणि त्यामुळे कोणाला इजा झाली तर? मग मालकाला दोनशे पण दंड. पण हे त्या काळचे नाणे. धुरकरी तरबेज असून चुकला, तर दंड त्याला. आणि नवख्याच्या बंडीत बसलेल्यांनाही प्रत्येकी शंभर पण!

आजचा कायदाही हेच विचारतो. काम कायदेशीर होते का? पुरती काळजी घेतली होती का? मनात वाईट हेतू नव्हता ना? तसे असेल, तर अपघात हा गुन्हा नव्हे. पण वेसण कुजली आहे हे ठाऊक असून बंडी जुंपली, तर ती काळजी कसली?

त्याच ग्रंथात माफीचा आणखी एक प्रकार आहे. तो जन्मावर आहे. ज्या गुन्ह्यात इतरांचा जीव जाई, त्यात ब्राह्मणाचे फक्त डोके भादरायचे. फार तर धनासह देशाबाहेर घालवायचे. ही माफी आम्हाला पटत नाही. वेसण तुटणे धुरकऱ्याच्या हाती नसते. गुन्हा करणे न करणे ज्याच्या त्याच्या हाती असते, मग तो कोणाच्याही पोटी जन्मलेला असो.

आपल्या सिंदखेड राजाच्या जिजाऊंचे पुत्र शिवाजी महाराज. प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी आरमाराला पैसा आणि धान्य वेळेवर पोचवले नाही. १६७५ साली महाराजांनी त्यांना कडक पत्र लिहिले. ब्राह्मण म्हणून तुमची गय होणार नाही, असे त्यात स्पष्ट बजावले.

२६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू आहे. कायद्यापुढे सगळे सारखे. जातीवरून माफी नाही, जातीवरून जादा शिक्षाही नाही.

दुबळ्याची माफी मात्र राहिली. १८६० च्या दंडसंहितेत ती होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीतही आहे. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपण काय करतो याची समज होती का, ते न्यायालय पाहते. वेडाच्या भरात आपण काय करतो हे ज्याला कळत नव्हते, त्यालाही शिक्षा नाही. अठरा वर्षांखाली गुन्हा घडला, तर फाशी देता येत नाही. वय ठरवताना शाळेचा दाखला पाहतात. तो नसला तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला लागतो. घरात मूल जन्मले की ती नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते.