दूध सोसत नाही, ताक मात्र चालते

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका आजींचे मनगट मोडले होते. प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी दूध वाढवायला सांगितले. मुलाने लगेच म्हशीचे जादा दूध लावले आणि सून दोन्ही वेळा पेला भरून समोर ठेवू लागली. आठ दिवसांत आजींचे पोट फुगू लागले, गुडगुड आणि पातळ जुलाब सुरू झाले. त्या दूध नको म्हणत, तर घरच्यांना ते नखरे वाटत. मीही जुनी आव समजून दोनदा अमीबाच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या खेपेला त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, दुपारी ताक पिते त्याने काही होत नाही. दूध प्यायले की तासा-दोन तासांत सुरू होते." खरे तर हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.

दुधात जी साखर असते तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ती सुमारे १० ग्रॅम असते. ही साखर जशीच्या तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज नावाचे विकर तिचे दोन तुकडे करते, मगच ती शोषली जाते. तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यावर बहुतेकांत ते हळूहळू कमी होत जाते. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांची हीच अवस्था आहे. आपल्या देशात उत्तरेकडे हे विकर टिकून राहिलेली माणसे दक्षिणेपेक्षा जास्त आढळतात. म्हणजे याला रोग म्हणण्याचे कारण नाही.

न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. ती आपल्याबरोबर पाणी ओढून घेते आणि तेथील जंतू तिला आंबवून वायू तयार करतात. गुडगुड, फुगारा, जुलाब हे सारे त्यातून येते.

आता विरजणाकडे वळू. दही लावतो तेव्हा त्यातील जंतू याच साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लानेच दूध घट्ट होते. पण यात साखर साधारण पाव हिस्साच कमी होते, बरीचशी उरते. मग दही इतके सोसते कसे? याचे उत्तर १९८४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. लॅक्टेज कमी असलेल्या व्यक्तींना त्यांनी एकदा दूध आणि एकदा तितकीच दुग्धशर्करा असलेले योगर्ट दिले आणि श्वासातील हायड्रोजन मोजला. मोठ्या आतड्यात साखर आंबली की हा वायू श्वासात येतो. योगर्टनंतर तो दुधाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच निघाला. याचे कारण असे, की दह्यातील जिवंत जंतू दुग्धशर्करा तोडणारे विकर स्वतःच्या पेशीत सांभाळून जठरातून खाली नेतात आणि लहान आतड्यात ते कामाला येते. शिवाय दही घट्ट असल्याने जठरातून सावकाश उतरते.

जंतू जिवंत असण्यावर हे सारे अवलंबून आहे. कढी उकळली की ते मरतात, म्हणून ताक सोसणाऱ्याला कढी तितकीच सोसेल असे नाही. श्रीखंडाचा चक्का टांगताना बरीच दुग्धशर्करा निथळीबरोबर निघून जाते. वरून घातलेल्या साखरेचा हिशेब मात्र वेगळा! पनीरचेही तसेच. तुपात ती जवळजवळ नसतेच. उलट खवा, बासुंदी आणि कोजागिरीचे आटवलेले दूध यांत ती दाट झालेली असते. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत तर वजनाच्या निम्मी तीच असते.

दूध एकदम वर्ज्य करण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. चहातले दूध सहसा बाधत नाही. जेवणाबरोबर अर्धा पेला पुष्कळांना चालतो, उपाशीपोटी मोठा पेला चालत नाही. शंका असल्यास पंधरा दिवस दूध व खव्याचे पदार्थ बंद ठेवावेत, नंतर पुन्हा घेऊन पाहावे आणि त्रास लिहून ठेवावा. हाडांची काळजी असलेल्यांनी ताकावर भागवू नये, कारण पाणी घालू तितके प्रत्येक पेल्यातील कॅल्शियम कमी होते. आजींना मी रोज दोन वाट्या घट्ट दही आणि नाचणीची भाकरी सांगितली. जुलाब चार दिवसांत थांबले.

दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. दुधाची ॲलर्जी ही त्यातील प्रथिनांची असते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे असे होत असेल तर दहीसुद्धा देऊ नये. तसेच जुलाब झाले म्हणून तान्ह्या बाळाचे आईचे दूध तोडू नये. शौचातून रक्त, वजन घटणे, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर दुधावर खापर न फोडता तपासून घ्यावे.