हिरवं पाणी उकळून प्यावं का?

प्रश्न : आमचं गाव हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळ्यात काठाला हिरवी साय धरते. ढोरं तेच पाणी पितात, मासळीही तिथलीच येते. हे पाणी उकळून प्यायलं तर चालतं का? आणि डीएनएच्या मदतीनं पाण्यातलं विष ओळखता येतं म्हणतात, ते कसं?
– एक वाचक, रावेर (जि. जळगाव)

उत्तर : उकळण्याचं आधी सांगतो : चालत नाही. अशी साय बहुतेक वेळा नीलहरित शैवालाची, विशेषतः मायक्रोसिस्टिसची असते. त्याच्या काही वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृतावर घाव घालणारं विष तयार होतं. उकळल्यानं ते नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की आणखी दाट होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात हेच विष नळाच्या पाण्यात सापडलं. तेव्हा सुमारे ४ लाख लोकांना ‘पाणी पिऊ नका, उकळूनही नको’ असं बजावावं लागलं. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू इथे असं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि ५० च्या आसपास रुग्ण दगावले.

पण प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं, आणि खरी अडचण इथेच आहे. धुळ्याच्या घोगरे विज्ञान महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी खान्देशातल्या शैवालांचा अभ्यास केला आहे. हे काम मोलाचं आहे. मात्र विष करणारा वाण आणि न करणारा वाण सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे १० हजार लिटरच्या टँकरमध्ये १० मिलिग्रॅम, चिमूटभरही नव्हे! एवढंसं मोजायला आज नमुना बहुधा मोठ्या प्रयोगशाळेत धाडावा लागतो, आणि अहवाल येईपर्यंत गाव तेच पाणी पीत राहतं.

आता डीएनएकडे वळू. इथे डीएनए आनुवंशिकतेचं काम करत नाही, विषाला धरून ठेवण्याचं करतं. एकपदरी डीएनएचा छोटा तुकडा स्वतःभोवती दुमडून विशिष्ट आकार घेतो. असे अब्जावधी वेगवेगळे तुकडे विषाबरोबर मिसळायचे, जे चिकटतील तेवढे ठेवायचे, त्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा गाळायचे. ही पद्धत १९९० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यातल्या एका गटात पुढे नोबेल मिळवणारे जॅक शोस्टाक होते. अशा तुकड्याला ॲप्टॅमर म्हणतात. मायक्रोसिस्टिनला घट्ट धरणारे ॲप्टॅमर २०१२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. शिंपल्यांत साठणाऱ्या सागरी शैवालविषांसाठीही असे तुकडे निघाले आहेत.

निकाल डोळ्यांनी दिसावा म्हणून सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरतात. हे कण पाण्यात सुटे असले की पाणी लाल दिसतं. डीएनए त्यांना चिकटून बसलेलं असल्यानं मीठ घातलं तरी ते गोळा होत नाहीत. नमुन्यात विष असेल तर डीएनए कणांना सोडून विषाला बिलगतं. उघडे पडलेले कण मिठानं एकत्र येतात आणि लाल पाणी निळसर होतं.

खान्देशासाठी मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आजच्या तपासणी संचांतली, विष पकडणारी प्रतिपिंडं ही प्रथिनं असतात, त्यांना बहुतेक वेळा फ्रिज लागतो. जळगावच्या ४५ अंशांत, वीज गेलेली असताना, ती टिकवणं कठीण. सुकवलेलं डीएनए उन्हाळा सोसतं. ग्रामपंचायतीच्या कपाटात राहील असा संच यातूनच येऊ शकतो आणि तो यावा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र अजून वाट आहे. मायक्रोसिस्टिनचे २०० हून अधिक प्रकार आहेत. एकाला ओळखणारा तुकडा दुसऱ्याला ओळखेलच असं नाही. शिवाय स्वच्छ पाण्यावर नीट चालणारी चाचणी गाळानं, क्षारांनी भरलेल्या धरणाच्या पाण्यात फसू शकते.

तोवर साय दिसेल तिथे ढोरांना पाणी पाजू नका. वाऱ्यानं साय एका काठाला लागते, त्या काठापासून दूर न्या. तिथली मासळी घेतलीच तर आतडी-काळीज पूर्ण काढून टाका. आणि शेवाळ मारायला पाण्यात मोरचूद टाकू नका : पेशी मेल्या की त्यांच्यातलं सगळं विष एकदम पाण्यात सुटतं.