तीन नंबरचा चेंडू उठत का नाही?

प्रश्न : माझा भाचा गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे. सुट्टीला आला की घरामागच्या पडीक वावरात चेंडू मारत बसतो. त्याला कुणीतरी तीन नंबरची जुनी आयर्न दिली आहे. ‘लांब मारायचं तर हीच’ असं तो म्हणतो, पण दहातले आठ चेंडू जमिनीलगत सरपटत जातात. त्याच्या साहेबांच्या पिशवीत म्हणे तीन नंबर नाहीच; त्याऐवजी एक जाडसर डोक्याचा हायब्रिड आणि चक्क तीन वेज आहेत. हा काय प्रकार आहे?
– एक वाचक, बेडसे (ता. मावळ)

उत्तर : ताई, भाच्याचं एक म्हणणं बरोबर आहे. तीन नंबरने चेंडू लांब जातो, पण तो नीट बसला तर. तो का बसत नाही, हे कळायला क्लबचा कोन समजून घ्यावा लागतो.

क्लबचा चेहरा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. त्या कलण्याला लॉफ्ट म्हणतात. तीन नंबरचा लॉफ्ट साधारण २० अंश, म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिडीइतका. सँड वेजचा ५६ अंश, म्हणजे जवळजवळ आपल्या कौलारू छपराचा उतार. कॅडी मंडळी ‘छप्पन द्या’ म्हणतात ते याच क्लबला. चेंडू वर जातो तो या उतारामुळे आणि उतारामुळेच मिळणाऱ्या उलट्या फिरकीमुळे. वेजने मारलेला चेंडू मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांच्या वेगाने मागे फिरतो. तीन नंबरची फिरकी त्याच्या निम्मीच भरते. हवेत तरंगायला तेवढी पुरते, पण मारात वेग असेल तरच. हात संथ असला तर चेंडू लवकर खाली येतो.

आता चेंडू सरपटतो का, ते पाहू. शिडीसारखा उभा चेहरा पाहून माणसाला वाटतं, हा चेंडू आपणच उचलून द्यायला हवा. मग तो मागच्या पायावर झुकतो आणि मनगटाने चेंडू उकरायला जातो. त्यामुळे क्लबच्या फेऱ्याचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या मागेच पडतो. क्लब वर येताना चेंडूच्या पोटावर पाते घासतं आणि चेंडू गवतातून पळत सुटतो. टोकियो ऑलिंपिक खेळलेला पुण्याचा उदयन माने असो की तुमचा भाचा, चेंडू चेहऱ्याला टेकलेला असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरता. तेवढ्यात कुणाचाही हात काही उचलू शकत नाही. आयर्नने मारताना क्लब उतरता असतानाच चेंडूला लागला पाहिजे आणि गवत त्यानंतर, चेंडूच्या पुढचं, निघालं पाहिजे. चेंडू उकरायची चूक सात नंबरने केली तर लॉफ्ट थोडीफार सांभाळून घेतो. तीन नंबर सांभाळत नाही.

हायब्रिड इथे कामाला येतो. आयर्नचं डोकं विळ्याच्या पात्यासारखं पातळ, तर हायब्रिडचं आतून पोकळ आणि मागे फुगीर. त्याचं वजन खाली आणि चेहऱ्याच्या मागे गेलेलं असतं, म्हणून चेंडू सुटतानाच चढा सुटतो. शिवाय डोंबाऱ्याच्या हातातली लांब काठी जशी त्याला सहजासहजी कलू देत नाही, तसं दूरवर पसरलेलं वजन, फटका जरा बाजूला बसला तरी डोकं वळू देत नाही. तळ रुंद आणि गोलसर असल्यामुळे तो उंच गवतातून घसरत पार होतो. आयर्नची मान मात्र गवतात अडकते. हायब्रिड म्हणजे नवशिक्यांची कुबडी, असा एक समज आहे, तो सोडून द्यावा. २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने टायगर वुड्सला हरवलं, तेव्हा शेवटच्या होलवर २०६ यार्डांवरून, म्हणजे सुमारे १८८ मीटरवरून, त्याने झेंड्याशी चेंडू नेला तो हायब्रिडनेच.

आता तीन वेज कशाला? गेल्या काही दशकांत चेंडू अधिक लांब जावा म्हणून कंपन्यांनी आयर्नचे लॉफ्ट कमी करत आणले. पूर्वी ३५ अंशांपलीकडे असलेला सात नंबर आज कित्येक संचांत ३० अंशांवर आला आहे. पिचिंग वेजही तसाच ४४-४५वर सरकला. मग तो आणि छप्पन यांच्यात मोठं खिंडार पडलं आणि ते बुजवायला पन्नास-बावन्न अंशांचा गॅप वेज आला. पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब नेता येत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ सालापासून आहे. वेज वाढले, तेव्हा लांब आयर्नना जागा सोडावी लागली.

छप्पनचं मर्म तुम्हाला भाच्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुमच्या हातात खुरपं असतं. खुरपं उभं धरलं की मातीत रुततं, आडवं धरलं की वरवर सरकतं. वेजच्या तळाला मागच्या बाजूने असाच फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात. जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वेजच्या तळाला जास्तीचा धातू डकवून तो वाळूत रुतणार नाही असा केला आणि १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली. मावळात पावसाळ्यात जमीन लोण्यासारखी होते, तेव्हा बारा अंशांच्या आसपास बाउन्स असलेला वेज घ्यावा. उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर तोच वेज उसळून चेंडूच्या मधोमध लागतो, तिथे कमी बाउन्स बरा. आणि चेहरा कापडाने पुसावा. ओल्या चेहऱ्यावर फिरकी निम्म्यावरही येते, मग चेंडू टप्पा घेऊन थांबत नाही, पुढे पळतो.

भाच्याला सांगा, तीन नंबर तूर्त माळ्यावर ठेव, एकवीस-बावीस अंशांचा जुना हायब्रिड मिळाला तर बघ. तोवर वावरात चुलीतल्या राखेची एक रेघ ओढायची, चेंडू न ठेवता सात नंबर फिरवायचा आणि जमिनीवर ओरखडा कुठे उठतो ते पाहायचं. तो रेघेच्या पलीकडे, झेंड्याच्या बाजूला, सलग दहा वेळा उठला की मग चेंडू ठेवायचा. त्याआधी समोर गुरं किंवा माणसं नाहीत ना, हे मात्र दर वेळी पाहावं. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा असला तरी डोकं फोडतो.